बागेला दहा रुपये तिकीट? आधी हिशोब मागा

ताई, तुम्ही विचारलंय की कॉलनीतल्या उद्यानाला १० रुपये तिकीट लावायचं घाटतंय, मेंटेनन्स नीट होईल म्हणून अर्धी सोसायटी हो म्हणतेय, तर विरोध करावा का. माझं स्पष्ट मत, करावा.

मी सरसकट तिकिटाच्या विरोधात नाहीये. नाशिकच्या पांडवलेणीला तिकीट आहेच, तिथे आपण पाहुणे आले की वर्षातून एकदोनदा जातो, काही वाटत नाही. पण घराजवळची बाग म्हणजे अंगण असतं हो. आजी आणि नातू दोघं रोज गेले तरी महिन्याचे ६०० रुपये झाले, आणि ज्यांना ते परवडतात त्यांच्यासाठी बाग नसली तरी चालतं, त्यांना क्लब आहेत, फार्महाऊस आहेत.

आमच्या बागेत सकाळी नऊच्या सुमाराला धुणीभांडी करणाऱ्या दोन मावशी येतात, दोन घरांच्या मधला अर्धा तास कडुनिंबाखालच्या बाकावर बसतात, चपला काढून पाय वर घेतात, पिशवीतली भाकरी खातात, नळावर बाटली भरतात आणि निघतात. संध्याकाळी शेजारच्या साइटवरची पोरं सिमेंटची रिकामी गोणी बुडाखाली घेऊन घसरगुंडीवरून येतात, पत्रा तापलेला असतो म्हणून. गेटवर तिकीट लागलं की पहिली हीच माणसं बाहेर राहणार, आणि ती कुठे तक्रार करायलाही येणार नाहीत.

आता पैशाचं बघा. दोन शिफ्टला दोन माणसं गेटवर, समजा प्रत्येकी १५ हजार पगार, म्हणजे महिन्याला ३० हजार. रोज १०० तिकिटं फाडली तर नुसता त्यांचाच पगार निघतो, गवत कापायला आणि झोका दुरुस्त करायला काय उरलं? एवढी गर्दी कॉलनीच्या बागेला रोज कुठून येणार, त्यात तिकीट म्हटल्यावर.

टवाळ पोरं येणार नाहीत असंही कोणीतरी म्हणेल. दहा रुपयांनी ती थांबत नाहीत, माणसांचा राबता असला की थांबतात. बाग ओस पडली की बायका संध्याकाळी तिकडे फिरकत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उद्यानं ही शहराची जबाबदारी आहे, १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांकडे द्यायच्या कामांच्या यादीत, बागा, मैदानं स्पष्ट लिहिलीत. घरपट्टी आपण भरतोच, बिल काढून बघा, त्यात झाडांसाठी वृक्ष उपकराची वेगळी ओळ असते. बंगळुरूच्या लालबागला तिकीट आहे, पण सकाळी ६ ते ९ फिरायला येणाऱ्यांना फुकट सोडतात, एवढी मोठी बाग असून. तुमच्याकडे अगदीच ऐकत नसतील तर निदान हे मागा, आणि तिकीट फक्त बोटिंग, टॉय ट्रेन असल्या खेळांना लावा म्हणावं, गेटला नाही.

सह्या गोळा करायच्या आधी एक काम करा. महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच गोष्टी विचारा: या बागेच्या देखभालीचा ठेका कोणाला, गेल्या तीन वर्षांत बिलं किती दिली, आणि ठेक्यात रोज किती माळी यायला हवेत. मग आठवडाभर सकाळी जाऊन माळी मोजा, तारीख टाकून वहीत लिहा, स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर त्याचाही फोटो काढा. मीटिंगला ती वही घेऊन जा.