४० हजारांत, दर सुट्टीला घरी नेता येईल असा गेमिंग पीसी जुळवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात अशोक चौकाजवळ खोली करून राहता, सुट्टी लागली की एसटीने बार्शीला जाता, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, आणि मित्र म्हणतायत, आधी ग्राफिक्स कार्ड घे, बाकीचं नंतर बघू. माझं मत नेमकं उलट आहे. पीसी खरोखरच सोबत न्यायचा असेल, तर या पैशांत कार्डाचा नाद सोडा.

कार्ड आलं की पॉवर सप्लाय मोठा, केस (पीसीचा बाहेरचा डबा) मोठी, आणि सगळं वजन एका स्लॉटवर लोंबकळणार. एसटीच्या मागच्या सीटवरचे हादरे त्या स्लॉटला सोसत नाहीत. त्याऐवजी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. सहा कोअर, ६५ वॅट, आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच. चिप २०२१ची आहे, पण व्हॅलोरंट १०८०पीवर (फुल एचडीवर) आरामात चालतो, जीटीए ५ सेटिंग खाली ठेवून चालतो. जड गेम ७२०पीवर लावा. १०८०पीत त्याच्या सव्वादोन पट पिक्सेल असतात, म्हणजे ग्राफिक्सवरचा भार बराच हलका होतो. रायझनचाच नवा ८६००जी याच्या पुष्कळ पुढे आहे, पण त्याला एएम५ या नव्या सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. तिथे तुमचं बजेट मोडतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. रॅम एक १६ जीबीची पट्टी घेऊ नका, ८-८च्या दोन घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. डीडीआर४ ३२००च्या एका पट्टीवर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन लावल्या की ५१.२. दुकानदार ‘एकच टाका, पुढे वाढवता येईल’ म्हणेल, ऐकू नका. एसएसडीत मात्र पैसे वाचतात: एसएसडी ज्या पीसीआयई जोडणीवर चालते ती ५६००जी ३.०चीच देतो, म्हणून पुढच्या पिढीच्या, जेन ४च्या एसएसडीला जादा मोजण्यात काही हशील नाही. ५०० जीबीपेक्षा कमी मात्र घेऊ नका, एकटा जीटीए शंभर जीबीच्या वर जागा खातो.

डब्यासाठी माझी पहिली पसंती एएसरॉक डेस्कमिनी एक्स३००. केस, बोर्ड आणि १२० वॅटचा अ‍ॅडाप्टर एकत्रच येतो, आकार १५५ × १५५ × ८० मिलिमीटर, कॉलेजच्या सॅकमध्ये वह्यांसोबत मावतो. त्यात लॅपटॉपची रॅम लागते, कूलर ४६ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, आणि पुढे कधी कार्ड बसवता येणार नाही. हे पटत असेल तरच घ्या. मिळाला नाही तर ए५२० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड आणि मिळेल ती लहानात लहान पत्र्याची केस. १७ सेंटिमीटरचे मिनी आयटीएक्स बोर्ड दिसायला देखणे असतात, पण जवळपास त्याच सोयींसाठी जास्त पैसे घेतात. काचेची केस तर अजिबात नको.

ऑफिसमधल्या जुन्या मशीनही पाहा. लेनोव्हो थिंकसेंटर एम७५क्यू टायनीसारखा रायझनवाला डबा चांगल्या स्थितीत मिळाला तर सौदा चांगला. सुटा रायझन प्रो प्रोसेसर घेताना मात्र जपून. लेनोव्होच्या मशीनमधून काढलेला असेल तर तो त्याच कंपनीच्या बोर्डाला लॉक झालेला असू शकतो, दुसऱ्या बोर्डावर उठतच नाही. चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आता सोलापूरची गोष्ट, जी परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणून उन्हाळ्यात बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरला ४५ वॅटची मर्यादा घाला. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्या कमी होतील, मशीन तापून मंदावणार नाही. दुसरं म्हणजे धूळ. पूर्व भागात जवळपास यंत्रमाग असतील, तर हवेत सुताचा बारीक भुसा असतो. तो कूलरच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. महिन्याला झाकण उघडून मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो मोकळा फिरला तर बेअरिंग खराब होतं. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका. प्रवासात चादरीत गुंडाळायला हरकत नाही, पण बंद करून गार झाल्यावरच.

मॉनिटर खोलीवरच ठेवा. बार्शीला टीव्हीला एचडीएमआय लावा, टीव्हीत गेम मोड चालू करा. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट गेल्या गेल्या पीसी रीस्टार्ट होईल. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, म्हणून विंडोजचा खर्च धरून चला. विंडोज ११वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, दोन्ही बायोसमध्ये सुरू करता येतात.

खरेदीला निघण्याआधी रॅमचा त्या दिवसाचा भाव विचारा, कारण सगळ्यांत जास्त वरखाली तोच होतो. रॅम आणि एसएसडी सोलापुरातच घ्या, बिघडल्यास बदलून मिळणं सोपं जातं. बोर्ड ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आला तरी चालेल. बिल जीएसटीचंच घ्या, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्या.