गालिचा आधी उलटा करून पाहा

प्रश्न : नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी आम्हाला पाच बाय आठ फुटांचा, हाताने केलेला गालिचा घ्यायचा आहे. एका दुकानात उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा ‘हँडमेड’ गालिचा दाखवला. दुसरीकडे त्याच आकाराचा आणि दिसायला जवळजवळ तसाच गालिचा चौपट किमतीला होता, आणि तोही ‘हँडमेड’च! तिसऱ्या दुकानदाराने सरळ सतरंजी घेण्याचा सल्ला दिला. घरात माझ्या वयोवृद्ध सासूबाई आणि दोन वर्षांचा नातू आहे. किमतीतला हा फरक खरा मानायचा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फरक खरा आहे. ‘हँडमेड’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या रीतींनी केलेल्या वस्तू विकल्या जातात, आणि तो शब्द खोटा नसल्यामुळे ग्राहकाला हरकतही घेता येत नाही. भदोहीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्या पट्ट्यात गाठींचे, टफ्टेड आणि सतरंजीसारखे विणलेले असे सगळेच प्रकार तयार होतात. त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावरून काहीही ठरत नाही. त्यासाठी गालिच्याचा कोपरा उचलून मागची बाजू पाहावी.

गाठींच्या गालिच्यात मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ हाताने मारलेली असते, त्यामुळे पुढची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते आणि जवळून पाहिल्यास गाठींचे बारीक दाणे मोजता येतात. चौरस इंचात शंभर गाठी धरल्या, तर आपल्या मापाच्या गालिच्यात ५,७६,००० गाठी होतात. एका विणकराने दिवसाला सहा हजार गाठी मारल्या असे मानले, तरी एकट्याचे ९६ दिवस त्यात जातात, आणि लोकर रंगवणे, विणून झाल्यावर धुणे, कातरणे ही कामे वेगळीच. चौपट किंमत येते ती इथून.

टफ्टेड गालिच्याच्या मागे मात्र जाडेभरडे कापड चिकटवलेले आढळते. चौकटीवर ताणलेल्या कापडावर आराखडा काढून हातात धरायच्या टफ्टिंग गनने लोकर त्यातून आरपार रोवत जातात. लोकर धरून ठेवणारी गाठच नसल्याने मागून लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा थर देऊन वर दुसरे कापड लावतात. हे कामही कौशल्याचे आहे, पण ते दिवसांत उरकते, आणि गालिच्याचे आयुष्य त्या चिकाच्या आयुष्याइतकेच असते. माझ्या घरी असा एक गालिचा होता. सातव्या वर्षी तो गुंडाळून उचलला, तेव्हा खाली फरशीवर पिवळसर भुकटीचा हुबेहूब चौकोन उमटला होता. वाळलेला चिक झडून गेला होता आणि चिमटीत धरून ओढले की लोकर सहज हातात येत होती. तो घेताना याविषयी मला कोणी अवाक्षरही सांगितले नव्हते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे. टफ्टेड गालिचा घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. काही वर्षांपुरता हवा असेल तर तो जरूर घ्यावा, मात्र गाठींच्या गालिच्याचा भाव त्याला देऊ नये.

मागे कापड असेल तर झालरीकडेही लक्ष द्यावे. गाठींच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या उभ्या धाग्यांचीच टोके असतात. टफ्टेडला ती वरून शिवलेली असते आणि शिवण बोटाला लागते.

राहिली सतरंजी. तिच्यात लव, म्हणजे पृष्ठभागावर उभे राहणारे तंतू, नसते. आडवे धागे ओवून ते पंज्याने, म्हणजे धातूच्या दात्यांच्या अवजाराने ठोकून घट्ट बसवतात, म्हणूनच तिला पंजा दरी असेही म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, धूळ धरून ठेवत नाही आणि रंग पक्का असेल तर सुती सतरंजी घरीच धुता येते. तेलंगणातल्या वरंगळची आणि आपल्याला जवळच्या, कर्नाटकातल्या नवलगुंदची, या दोन्ही जातींच्या सतरंज्या पाहण्यासारख्या आहेत. लोकर दाबून केलेला काश्मिरी नमदा, आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या जेनाच्या जातीचा, भिंतीलगत किंवा बैठकीवर शोभतो. रोजच्या वर्दळीत मात्र तो लवकर झिजतो.

आपल्या घरापुरते सांगायचे, तर आज मी सतरंजी घेईन. नातू सांडलवंड करणार आणि जाड लवेत वृद्ध माणसाचे पाऊल अडखळते. पातळ सतरंजी घसरू नये म्हणून तिच्याखाली रबरी जाळी अवश्य घालावी. हा खर्च टाळू नये. गाठींचाच गालिचा हवा असेल, तर आखूड लवेचा, निव्वळ लोकरीचा, चौरस इंचाला साठ ते शंभर गाठींचा पुरेसा आहे. जास्त गाठी म्हणजे बारीक नक्षी. टिकाऊपणा मुख्यतः लोकरीच्या प्रतीवर ठरतो.

प्रश्न : प्रदर्शनात ‘बांबू सिल्क’चा चमकदार गालिचा आवडला. विक्रेता तो काश्मिरी रेशमाइतकाच चांगला असल्याचे सांगतो. कोकणच्या हवेत टिकेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बांबू सिल्क हे रेशीम नाही, तो व्हिस्कोस आहे, म्हणजे बांबूच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. तो ओला झाला की कमजोर पडतो, लव चिकटून राठ होते आणि पाणी सांडले तिथे अनेकदा पिवळा डाग राहतो. कोकणच्या पावसाळ्यात मी तो घेणार नाही. विक्रेत्याच्या संमतीने दोन-तीन तंतू जाळून पाहावेत : रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोसला कागद जळल्याचा. अस्सल काश्मिरी गालिचा तालीम नावाच्या सांकेतिक लिपीवरून विणतात, त्यात चौरस इंचाला ३२४ किंवा त्याहूनही अधिक गाठी असू शकतात. मानांकनाचे क्यूआर कोड असलेले लेबल मागावे.

लोकरीचा गालिचा घेतलात, तर जून लागण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंनी झटकून, कोरड्या उन्हात तासभर ठेवून, सुती चादरीत गुंडाळून उंचावर ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी येते.