दुसऱ्याच्या कोडमधील कॉमेंटमध्ये स्पेलिंगच्या चुका दिसल्या, तर त्या दुरुस्त कराव्यात का?

कराव्यात. नव्या माणसाने असे बदल पाठवले तर टीम त्याला रिकामटेकडा समजेल का, असेही आपण विचारले आहे. समजेल; मलाही समजले होते.

नोकरीला लागून दोनच महिने झाले असताना मी एका जुन्या सी++ प्रकल्पाचा कोड वाचत होतो आणि वाचता वाचता कॉमेंटमधील, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमधील, चुका सुधारत होतो. ‘रिसीव्ह’मध्ये ‘ई’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल झाली होती. ‘डेप्रिकेटेड’च्या जागी ‘डिप्रिशिएटेड’ लिहिले होते, म्हणजे जे फंक्शन यापुढे वापरू नये असे सांगायचे, त्याची किंमत घसरल्याचे जाहीर झाले होते. एका ठिकाणी मात्र ‘नॉट’च्या शेवटच्या ‘टी’ऐवजी ‘डब्ल्यू’ पडले होते आणि त्यामुळे ‘हे फंक्शन थ्रेड-सेफ नाही’ या इशाऱ्याचे ‘हे फंक्शन आता थ्रेड-सेफ आहे’ असे आश्वासन झाले होते. थ्रेड-सेफ म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडमधून, म्हणजे कामाच्या धाग्यांमधून, बिनधोक वापरता येणारे. त्या फंक्शनमध्ये लॉकशिवाय वापरलेला स्टॅटिक बफर, म्हणजे सर्व थ्रेडना सामायिक असलेली साठवणीची जागा, समोर दिसत होता, त्यामुळे कोणता शब्द अभिप्रेत आहे याविषयी शंका नव्हती. एकूण ४१ फाइलींमधील बदल मी रिव्ह्यूला पाठवले. आमच्या वरिष्ठांनी एकही फाइल न उघडता ‘कॉमेंट कंपायलर वाचत नाही’ असा शेरा मारून ते फेटाळले.

कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, कॉमेंट वाचत नाही हे खरेच आहे, पण सहकारी वाचतात. काही महिन्यांनी एकाने त्या आश्वासनावर विसंबून ते फंक्शन दोन थ्रेडमधून वापरले. एका विनंतीची माहिती दुसरीच्या उत्तरात मिसळू लागली, तीही केवळ ताण वाढल्यावर, आणि कारण सापडेपर्यंत आमचा आठवडा गेला. जो माणूस अशा चुकांना क्षुल्लक म्हणतो, त्याने दुसऱ्याचा कोड लक्षपूर्वक वाचलेला नसतो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

आपल्यासाठी व्यवहार्य सूचना एवढीच की हे बदल स्वतंत्र कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गटात) ठेवावेत आणि व्हेरिएबलची, फील्डची किंवा एपीआयमधील (इतर प्रोग्राम ज्यातून आपला कोड वापरतात त्या जोडणीतील) नावे त्यात ओढू नयेत. ब्राउझर कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या एचटीटीपीच्या ‘रेफरर’ हेडरच्या नावात एक ‘आर’ कमी आहे; १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते स्पेलिंग छापले गेले आणि त्यावर इतके काही उभे राहिले की आजही ते तसेच चालवावे लागते. कोडस्पेल हे साधन नेहमीच्या चुकांच्या यादीवरून काम करते, त्यामुळे ते व्हेरिएबलच्या विचित्र नावांवर फारसे अडखळत नाही. मात्र ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ हे दोन्ही शुद्ध शब्द असल्याने मला दिसलेली ती चूक त्याला कधीच सापडली नसती. अशा कमिटमुळे गिट ब्लेममधील, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीतील, मूळ लेखक झाकला जातो, ही तक्रार रास्त होती, परंतु २०१९ च्या गिट २.२३ पासून ठरावीक कमिट वगळून ब्लेम पाहता येते.

माझ्या बाजूनेही एक चूक झाली होती, हे सांगायला हवे. तो एक महत्त्वाचा बदल मी इतर किरकोळ बदलांच्या ढिगात पुरला होता आणि कमिटच्या संदेशात केवळ ‘स्पेलिंग दुरुस्ती’ असे लिहिले होते. तो वेगळा पाठवला असता, तर कदाचित वाचला गेला असता. पुढे ती ओळ त्या वरिष्ठांनीच सुधारली, त्यामुळे ब्लेममध्ये तिच्यापुढे त्यांचे नाव दिसते.