इंटरनेट ब्राउझर बनवणारी नेटस्केप ही कंपनी विकली गेल्यानंतर तिचे प्रमुख जिम बार्क्सडेल यांनी काय केले?

त्यांनी आपले लक्ष संचालकपदांकडे आणि त्याहून अधिक मुलांच्या वाचनाकडे वळवले. फेडेक्स या कुरिअर कंपनीत माहिती तंत्रज्ञान आणि पुढे एकूण कामकाज सांभाळलेले बार्क्सडेल 1995 मध्ये नेटस्केपचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीबाबत अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीशिवाय पीसी वापरणाऱ्यांना हात वर करायला सांगितले, तेव्हा सभागृहात एकही हात वर झाला नाही. पुढे टाइम वॉर्नर आणि सन मायक्रोसिस्टिम्स यांच्या संचालक मंडळांवरही ते होते.

माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोलाचे काम 2000 साली सुरू झाले. त्या वर्षी त्यांनी पत्नी सॅली यांच्यासह मिसिसिपी या आपल्या जन्मराज्यातील वाचनशिक्षणासाठी 10 कोटी डॉलर दिले. बार्क्सडेल रीडिंग इन्स्टिट्यूटने अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीरपणे घालून वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना दिले. 2013 मध्ये राज्याने साक्षरतेचा कायदाही केला आणि चौथीच्या वाचनात देशाच्या तळाशी असलेले मिसिसिपी 2019 पर्यंत राष्ट्रीय सरासरीला पोहोचले. हे श्रेय अर्थातच कायद्याचे आणि शिक्षकांचेही आहे.