ब्रेक ऑइल गळतंय म्हणून एफडी मोडायची का?

मुलुंडच्या एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय, त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो. वय ४१, नवरा-बायको दोघं नोकरीला, हातात मिळून १,४५,००० येतात, घराचा ४२,००० चा हप्ता धरून महिन्याचा खर्च १,०५,००० च्या आसपास, २०,००० ची एसआयपी, बाजूला ४ लाखांची एफडी. आणि बिल्डिंगखाली २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, २०१५ ला सेकंडहँड घेतलेली. ऑफिसला जातात लोकलने, गाडी निघते ती शनिवार-रविवारी नाहीतर आईला ठाण्याला डॉक्टरकडे न्यायचं असलं की. गेले काही महिने ब्रेक ऑइलची लेव्हल खाली जातेय, लाल दिवा लागतो, हे वरून ऑइल टाकतात, दिवा जातो, परत लागतो. पार्किंगमध्ये खाली डाग काही दिसत नाही. एका मोठ्या वर्कशॉपने १,१८,००० चं एस्टिमेट हातात दिलंय, त्यात मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप), एबीएस युनिट (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं), चारही कॅलिपर (चाकापाशी पॅड आवळणारे) आणि सगळ्या नळ्या. ओळखीचा मिस्त्री म्हणतो टाकत राहा ऑइल, दिवाळीनंतर बघू. घरचे म्हणतात विका एकदाची आणि १२ लाखांची नवी घ्या, १० लाख लोन काढा. तर एफडी मोडून दुरुस्ती करू, बोनसपर्यंत ढकलू, का नवी घेऊ, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर, आत्ता ह्यातलं काहीच करू नका. आणि मिस्त्रीचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, पैशाचा प्रश्न नंतर, ब्रेक ऑइल कमी होतंय हे माहीत असताना गाडी रस्त्यावर काढायची नसते, आईला घेऊन तर नाहीच नाही. तोपर्यंत ठाण्याला टॅक्सीने जा.

आता त्या एस्टिमेटकडे या. तुम्ही त्याचा फोटो पाठवलाय, मी नीट वाचला, अख्ख्या कागदावर गळती नक्की कुठून होतेय हे एका ओळीत पण लिहिलेलं नाही. जे जे म्हणून गळू शकतं ते सगळं बदलून टाका म्हणजे गळती जाईलच, असा तो हिशोब आहे. वर्कशॉपला मी चोर म्हणत नाही, २० वर्षं जुन्या गाडीच्या ब्रेकची जबाबदारी घ्यायची तर त्यांना असंच सोयीचं पडतं, फक्त त्यांच्या सोयीचे पैसे तुमच्या एफडीतून का जावेत एवढाच माझा मुद्दा.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य सहज टाकलंय, सकाळी पहिला गिअर अडकतो, क्लच दोनदा मारला की पडतो. मला सगळ्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. तुमची गाडी मॅन्युअल आहे आणि ह्या गाड्यांमध्ये क्लचपण ऑइलवरच चालतो आणि ते ऑइल येतं ब्रेकच्याच डबीतून, डबीच्या बाजूने एक बारीक नळी क्लचच्या मास्टर सिलेंडरला जाते ना तीच. म्हणजे क्लच गळत असला तरी दिवा ब्रेकचा लागतो. क्लचचा मास्टर सिलेंडर पेडलपाशी असतो, तो गळला की ऑइल आत, पेडलवरून कार्पेटखाली उतरतं, मग पार्किंगमध्ये डाग कुठून दिसणार. खाली वाकून क्लच पेडलच्या वरच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा, कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा, ओलं, बुळबुळीत लागलं तर बहुतेक चोर सापडला. तिथे कोरडं असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, तो गिअरबॉक्सवर बाहेरून असतो, खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर सगळं ऑइल त्यात साठून राहतं आणि जमिनीवर थेंब येत नाही. कव्हर न काढता कोणी एस्टिमेट देत असेल तर त्याला काय दिसलं देव जाणे.

क्लच निर्दोष निघाला तर मग ब्रेककडे. चारही चाकं काढून आतल्या बाजूने टायर आणि रिम ओले आहेत का बघायचं, मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकचा लिव्हर जिथून आत जातो तिथला सील जुन्या गाड्यांत जातो, रबरी नळ्यांना वाकवून चिरा बघायच्या, आणि लोखंडी पाईप क्लिपांखाली गंजतात तिथे नख लावून बघायचं, आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने चिखल म्हटल्यावर हे ओघानेच आलं. एक जागा मात्र डोळ्यांना दिसत नाही, ब्रेकच्या मास्टर सिलेंडरचा मागचा सील गेला तर ऑइल सरळ बूस्टरच्या, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, पोटात जातं, बाहेर टिपूस नाही. मास्टरचे दोन नट सोडून तो जरासा पुढे ओढला की मागे ओल दिसते. आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल पण ऑइल कमी होत नसेल तर तो मास्टरचा आतला बिघाड, गळती वेगळी. पॅड झिजले की लेव्हल थोडी खाली येते हे तर साहजिक आहे, पण तुमच्यासारखं पुन्हा पुन्हा टाकावं लागत नाही.

हे सगळं लिफ्टवर घेऊन, ब्रेक क्लीनरने सगळं धुऊन, एकाने पेडल मारायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन खाली बघायचं, असं अर्ध्या-एक दिवसाचं काम आहे. जर्मन गाड्यांचं काम करणारं, स्कॅनर असलेलं स्वतंत्र गॅरेज शोधा, आधीच ठरवून घ्या की फक्त शोधायचे पैसे देणार, दुरुस्ती नंतर बोलू, दोन-तीन हजार मागितले तरी खुशाल द्या. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, घालून न्या, पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, असलं तर टोइंग त्यातच होईल. दुरुस्तीचा क्लेम मात्र डोक्यातून काढा, झीज आणि मेकॅनिकल बिघाड मोटर पॉलिसीत बसत नाही.

एक गोष्ट मात्र खरं खरं आठवून सांगा, वरून टाकलं ते काय टाकलं? डॉट ४ ह्या ग्रेडच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली असेल तर ठीक. अर्धी उघडी बाटली महिनोन्महिने डिकीत ठेवून तीच ओतत असाल तर ते ऑइल हवेतलं पाणी पितं, नवं डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेलं १५५ ला पण उकळू शकतं, उकळलं की पेडल दाबून ब्रेक लागत नाही, आणि तुम्ही लिहिलंय की खंडाळ्याचा घाट उतरायला मजा येते. असो. पण मिस्त्रीने कधी चुकून पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिन ऑइल त्या डबीत टाकलं असेल तर सगळे रबर फुगतात, तसं झालं असेल तर सगळं बदला म्हणणारं ते मोठं एस्टिमेट बरोबर ठरू शकतं. म्हणून गॅरेजला डबीतलं ऑइल आधी तपासायला सांगा.

आता पैसे. तुमचे महिन्याला सगळं जाऊन २०,००० उरतात. एफडीचे ४ लाख म्हणजे घरखर्चाचे जेमतेम पावणेचार महिने, त्यातून १,१८,००० काढले की तीन महिन्यांच्याही खाली आलात, आणि दोघांपैकी एकाची नोकरी अडखळली तर ४२,००० चा हप्ता कोणाला थांबत नाही. त्यात मोडल्यावर बँक व्याज कापणार ते वेगळंच. एफडीला हात नको. ह्या दुरुस्तीसाठी ६०,००० ची मर्यादा धरा, तीन महिन्यांची शिल्लक, जास्तीत जास्त एसआयपी दोन महिने थांबवा पण तीसुद्धा गरज पडली तरच. क्लचचा मास्टर, स्लेव्ह, ऑइल बदलणं आणि मजुरी, किंवा मागचे दोन कॅलिपर आणि नळ्या, असं काही निघालं तर ह्या मर्यादेत बसायला हवं, दोन ठिकाणी भाव काढा, पार्ट ऑपेरा हाउसच्या मार्केटमध्ये स्वतः विचारून या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीतला काढलेला ब्रेकचा पार्ट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आरसा घ्या, दरवाजा घ्या, ब्रेक नाही. तांब्याचे वॉशर नवीनच टाकायचे, आणि नळ्यांमधली हवा काढून झाल्यावर खात्री अशी करायची की डबीवर मार्करने रेघ मारायची आणि आठवडाभराने बघायची.

एबीएस युनिटच गेलेलं निघालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मर्यादा ओलांडू नका. तुम्हाला चालू स्थितीत अडीच लाख आणि आहे तशी १,२०,००० अशा दोन ऑफर आल्यात म्हणता, म्हणजे कागदावर १,१८,००० घालून १,३०,००० वसूल होतात. पण अडीच लाख हा तोंडी आकडा आहे, घेणारा गाडी बघायला आला की त्याला टायर दिसतात, सस्पेन्शनचे झिजलेले रबर दिसतात आणि आकडा दोन लाखांवर येतो. तेव्हा तसं निघालं तर आहे तशी विका, गळतीचं स्पष्ट सांगून आणि व्यवहाराच्या कागदावर लिहून. गेल्या वर्षी टर्बो आणि सस्पेन्शनला १,६०,००० घातले म्हणून आता सोडवत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते पैसे गेले हो, गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले, त्यांना ह्या हिशोबात बसायला खुर्ची देऊ नका.

नव्या गाडीचं म्हणाल तर घरच्यांचा राग समजतो, पण आकडे बघा. १० लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता २१,००२. तुमची शिल्लकच २०,००० आहे. घर आणि गाडी मिळून ६३,००० हप्त्यात जाणार, पगाराच्या ४३ टक्के, आणि पाच वर्षांत नुसतं व्याज २,६०,००० च्या वर. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीसाठी हे मला पटत नाही, त्यापेक्षा आईच्या टॅक्सीला वर्षाला वेगळे २५,००० काढून ठेवले तरी स्वस्तात सुटाल. गाडी हवीच असेल तर ४-५ लाखांची पाच-सहा वर्षं जुनी साधी हॅचबॅक बघा, पण तीही आधी पैसे साठवून.

आरएस ठेवायचीच असेल तर घरात सरळ सांगा की हा शौक आहे, आणि शौकाला वर्षाचं बजेट लावा. १५०० सीसीच्या वर असल्यामुळे नुसता थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दराने ७,८९७ आणि त्यावर कर, शिवाय सर्व्हिस, टायर, पार्किंग. आरसी २०२१ ला पाच वर्षांसाठी रिन्यू केलीत म्हणजे २०२६ ला परत आलं, २० वर्षांवरच्या हलक्या गाडीची फी २०२५ पासून १०,००० केलीय, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि आरटीओत फिटनेस बघतात तेव्हा ब्रेक धड असावे लागतात. सगळं मिळून वर्षाला ८०,००० च्या आत बसवा, दरमहा ६,५०० वेगळ्या खात्यात टाका, जे लागेल ते त्याच खात्यातून जाईल. ज्या वर्षी ते खातं रिकामं करूनही गाडी उभी राहिली त्या वर्षी विकायची, हे आजच दोघांनी बसून ठरवा, गॅरेजमध्ये उभं राहून ठरवू नका.

कार्पेट दाबून काय लागलं ते कळवा, आणि गॅरेजचा रिपोर्ट आला की नवीन एस्टिमेट पाठवा, मग एसआयपी थांबवायची का नाही ते बघू.