सशाच्या पाठीवर कोंडा दिसतो आहे. माइट असतील तर उपचार कोणता करावा आणि घर कसे स्वच्छ करावे?

आपण लिहिले आहे की, आपल्या इंदूरच्या फ्लॅटमधील दोन सशांपैकी थोराड सशाच्या मानेमागे आणि शेपटीच्या वर पांढरा कोंडा साचला आहे, हात फिरवला की केसांचे पुंजके निघून येतात, मुलीच्या हातांवर लाल पुटकुळ्या उठल्या आहेत, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने कुत्र्यांच्या गोचिडांवरचे थेंब व औषधी साबण सुचवला आहे. मी पशुवैद्यक नाही. इंदुरातच रामबागेत राहतो आणि आमच्या घरी अनेक वर्षे ससे आहेत, त्या अनुभवावर आणि डॉक्टरांकडून वेळोवेळी समजून घेतलेल्या माहितीवर हे उत्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम, ते थेंब आणि तो साबण या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच थेंबांत व फवाऱ्यांत फिप्रोनिल हे द्रव्य असते आणि ते सशांना देऊ नये, कारण त्याने सशांना झटके येऊन ते दगावल्याच्या नोंदी आहेत. परमेथ्रिन असलेल्या औषधांपासूनही ससे दूर ठेवलेले बरे. डब्यावर कुत्र्याचे चित्र असेल, तर मात्रा कमी करून चालवून घेऊ, असा विचार करू नये. साबणाने अंघोळ घालण्याची कल्पना वरवर निरुपद्रवी वाटते, पण सशाची कातडी पातळ आणि आतील लव दाट असल्यामुळे तो लवकर वाळत नाही व गारठतो. शिवाय धरून ठेवले असता तो मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की त्यात पाठीचा कणा मोडू शकतो. एवढे सोसूनही केसांना चिकटलेली अंडी अंघोळीने निघत नाहीत.

आपण सांगितलेली लक्षणे केसांतील माइटांची, म्हणजे शेलेटिएला जातीच्या किड्यांची, असण्याची शक्यता बरीच आहे. हे किडे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात, कातडीत बीळ करत नाहीत, तर कातडीच्या वरच्या थरावर राहतात आणि आपली अंडी केसाला लिखेप्रमाणे चिकटवतात. ते हलले की त्यांच्याबरोबर कोंड्याचे कणही सरकतात, म्हणून इंग्रजीत या रोगाला चालता कोंडा असे नाव पडले आहे. घरी पाहायचे असेल तर एखादा काळा कागद अंथरून त्यावर सशाला बसवावे, उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी शेपटीच्या वरच्या भागावरून केसांच्या मुळापासून हलकेच ओढावी, कागदावर पडलेला कोंडा उजेडात धरून भिंगाखाली थोडा वेळ निश्चल पाहत राहावे. एखादा कण आपणहून सरकताना दिसला तर शंका जवळजवळ फिटते. काही सरकले नाही म्हणून माइट नाहीत, असे मात्र ठरत नाही. पारदर्शक चिकटपट्टी कोंड्याच्या जागी दाबून ती डॉक्टरांकडे नेली, तर सूक्ष्मदर्शकाखाली किडे किंवा अंडी पाहता येतात.

ही खात्री करून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सगळीच खाज सारख्या कारणाने होत नाही. कानाच्या आत तपकिरी, पापुद्र्यांसारखी खपली साठली असेल तर ते कानातले वेगळे माइट असतात आणि ती खपली ओढून काढू नये, खाली जखम होते. नाकावर, ओठांवर आणि पंजांवर जाड खपल्या असतील तर खरूज असते. गोलाकार टक्कल पडून कड लाल दिसत असेल तर गजकर्ण असू शकते, आणि ते माणसालाही होते.

उपचारासाठी ससे पाहण्याची सवय असलेला डॉक्टर शोधावा. शहरात असा कोणी सापडला नाही तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात जायचे झाल्यास सकाळी लवकर निघावे आणि पिंजऱ्यात कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवावी, कारण तिशीच्या वरचे तापमान सशाला झेपत नाही. सहसा डॉक्टर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात किंवा सेलामेक्टिनचे थेंब मानेच्या मागे कातडीवर लावतात. आयव्हरमेक्टिन आपल्याकडे गाई-म्हशींच्या औषधांत सहज मिळते, त्यामुळे ते आणून घरीच देण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह किती धोक्याचा आहे, हे एका हिशेबावरून कळेल. सशासाठी मात्रा साधारणपणे किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम धरतात, आणि गुरांच्या एक टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते; म्हणजे दीड किलोच्या सशाला ०.०३ ते ०.०६ मिलिलिटर, सिरिंजच्या तोंडाशी दिसेल न दिसेल इतका थेंब, पुरतो. दशांश चिन्ह एका घराने सरकले की मात्रा दहापट होते. म्हणून सशाचे वजन घरीच, स्वयंपाकघरातील काट्यावर टोपलीसह करून टोपलीचे वजन वजा करून, लिहून न्यावे आणि मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.

एका मात्रेने काम संपत नाही, आणि नेमके येथेच बहुतेक लोक थांबतात, कारण पहिल्या मात्रेनंतर आठवडाभरात खाज कमी होते आणि ससा बरा झाल्यासारखा दिसतो. औषध फिरत्या किड्यांना मारते, अंड्यांना नाही. अंड्यापासून अंड्यापर्यंतचे त्यांचे चक्र साधारण तीन ते पाच आठवड्यांचे असते, म्हणून आयव्हरमेक्टिन दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा द्यावे लागते. सेलामेक्टिनचे अंतर डॉक्टर वेगळे सांगतील. दुसऱ्या सशाच्या अंगावर काही दिसत नसले तरी त्यालाही त्याच दिवशी औषध मिळाले पाहिजे, आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण हे किडे त्यांच्या अंगावरही राहू शकतात. दोघांना महिनाभर वेगळे ठेवण्याची गरज नाही. संसर्ग व्हायचा तो होऊन गेला आहे आणि जोडीदार दिसेनासा झाला की ससे खाणे कमी करतात. फक्त थेंब लावल्यानंतर ते वाळेपर्यंत, एकमेकांना पाहू शकतील अशा दोन पिंजऱ्यांत, त्यांना वेगळे बसवावे. जोडीतले ससे एकमेकांचे डोके आणि मान चाटतात, आणि औषध नेमके तेथेच लावलेले असते.

थोराड सशालाच त्रास का, हा प्रश्नही डॉक्टरांना विचारावा. निरोगी ससा अंग चाटून स्वतःला बराचसा साफ ठेवतो, त्यामुळे अंगावर थोडे माइट असूनही ते दिसत नाहीत. वजन वाढलेले असेल, सांधे दुखत असतील किंवा दात वाढून टोचत असतील, तर त्याचे तोंड पाठीपर्यंत पोहोचत नाही आणि मानेमागे व शेपटीवर किडे वाढत जातात. दात तसेच राहिले तर काही महिन्यांनी कोंडा परत येईल.

आता घर. पहिली गोष्ट म्हणजे वेळ साधणे: मोठी साफसफाई औषधाच्या प्रत्येक मात्रेच्या दिवशीच करावी, म्हणजे औषध लागलेला ससा स्वच्छ जागेवर उतरतो. रोज सगळे घर धुवून काढण्याने माणसे थकतात आणि दुसऱ्या मात्रेपर्यंत सफाई सुटते. मधल्या दिवसांत ससे ज्या कोपऱ्यात बसतात तेवढा साफ ठेवला तरी पुरे. सशाबाहेर ओलसर, थंड जागी या किड्यांची मादी दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त तग धरते, आणि गळलेल्या केसांबरोबर अंडीही जमिनीवर पडतात. म्हणून खरे लक्ष केसांवर द्यायचे आहे. केरसुणीने कोरडे झाडले की हलके केस उडून सोफ्याखाली जातात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो वापरावा आणि त्याची पिशवी लगेच रिकामी करावी. नसेल तर ओल्या फडक्याने केस गोळा करून मग फरशी पुसावी. सोफ्याच्या फटी, पलंगाखालची जागा आणि पिंजऱ्यामागची भिंत यांत केस सर्वांत जास्त अडकतात.

ससे ज्यावर लोळतात त्या सतरंज्या, गोधड्या, पायपुसणी साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवाव्यात, आणि मशिनमध्ये ती सोय नसेल तर बादलीत कढत पाणी ओतून भिजत ठेवाव्यात. त्यानंतर गच्चीवरच्या कडक उन्हात त्या दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळू द्याव्यात. पावसाळ्यात अर्धवट ओलसर कापड परत अंथरण्यापेक्षा तेवढे दिवस नुसती फरशी बरी. जे धुता येत नाही, जसे कापडी खेळणे किंवा लोकरीचे आसन, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, अथवा महिना-सव्वा महिना सशांपासून दूर ठेवून द्यावे. नव्या गवताबद्दल शंका असेल तर तेही असेच गोठवून घेता येते. पुठ्ठ्याची खोकी सरळ टाकून द्यावीत. लाकडी घरकुल असेल तर त्याच्या सांध्यांत केस रुतून बसतात. ते खरवडून, कढत पाणी ओतून उन्हात टाकावे, आणि लाकूड कुजलेले असेल तर त्याचा मोह सोडावा. काढलेले केस आणि जुने गवत घरच्या कंपोस्टच्या कुंडीत टाकू नये, पिशवीत बांधून त्याच सकाळी कचरागाडीत द्यावे. औषधाच्या रिकाम्या नळ्या गाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात जातात.

रसायनांचा वापर जितका कमी तितका चांगला. सशाचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते आणि तो पंजे सतत चाटतो, त्यामुळे फिनेल, डांबराच्या गोळ्या, झुरळांचे फवारे आणि कापराचा उग्र वास या सर्वांचा त्रास आधी त्यालाच होतो. मलमूत्राच्या ट्रेवर ब्लीच टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. ट्रेवरचा पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने सुटतो, नंतर कढत पाणी पुरते. कडुनिंबाचे तेल अंगावर चोळण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. ससा ते सगळे चाटून खातो, म्हणून तेही नको.

मुलीच्या हातावरच्या पुटकुळ्या बहुधा ससा कवेत घेतल्यामुळे आल्या असाव्यात. हे माइट माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर त्यांची पिढी वाढत नाही, आणि ससे बरे झाले की काही आठवड्यांत पुरळ जाते. तोपर्यंत तिने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, ससा मांडीवर घेऊ नये आणि ससे गादीवर येऊ देऊ नयेत. खाज फार असेल, पुरळ पसरत असेल किंवा चट्टे गोल दिसत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि घरात ससे आहेत हे आपणहून सांगावे, नाहीतर डास चावले असतील म्हणून साधे मलम मिळते.

औषधानंतरच्या दोन दिवसांत एका गोष्टीवर लक्ष ठेवावे: ससा खातो आहे का आणि लेंड्या नेहमीच्या आकाराच्या पडत आहेत का. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा तो लटपटू लागला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. शेवटच्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनी काळ्या कागदावर पुन्हा फणी फिरवून पाहावी. कोंडा तेवढाच पडत असेल तर चौथी मात्रा मागण्याआधी कातडीचा नमुना तपासायला सांगावे, कारण बुरशी किंवा कातडीतल्या तेलग्रंथींचा विकारही असाच कोंडा देतो आणि त्यावर माइटांचे औषध लागू पडत नाही.