जीपीए ३.२ आहे, मग लॉ स्कूलची स्कॉलरशिप विसरायची का?

अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि माझ्याकडे तोच प्रश्न पुन्हा यायला लागतो. "पदवीचे ग्रेड बेताचेच आहेत. प्रवेश मिळेलही एखाद वेळेस, पण पैसे कोण देणार?" विचारणारा कधी विद्यार्थी असतो, बऱ्याचदा त्याचे आईवडील. खालची रेवा अशा अनेकांची मिळून बनलेली आहे. नाव आणि तपशील बदलले आहेत.

रेवाची पहिली दोन वर्षं मेडिकलच्या तयारीत गेली. ऑरगॅनिक केमिस्ट्रीने पाणी पाजलं, मग तिने राज्यशास्त्र घेतलं. पहिल्या दोन वर्षांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची साधारण ४ पैकी सरासरी, २.७, पुढच्या दोन वर्षांचा ३.७, एकूण ३.२. कॉलेजच्या हिशोबात हा आकडा थोडा वर होता, कारण पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना ग्रेड कॉलेजने वगळला होता. एलसॅक, म्हणजे ज्या संस्थेमार्फत लॉ स्कूलचे अर्ज जातात ती, असं वगळत नाही. जुना ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसत असेल तर दोन्ही धरते. हा धक्का अर्जाच्या आदल्या रात्री बसू नये म्हणून मी ट्रान्सक्रिप्ट पहिल्याच भेटीत मागवते.

"मॅडम, मास्टर्स करून आकडा वर काढू का?"

"पहिली पदवी हातात पडल्यानंतरचा एकही ग्रेड त्यात धरत नाहीत."

शेजारी बसलेले वडील म्हणाले, "म्हणजे संपलंच की."

अशा वेळी मी धीर देत नाही. धीराने माणूस तासभर शांत होतो आणि घरी जाऊन पुन्हा तोच आकडा उगाळत बसतो. ज्या आकड्याची भीती वाटते तो समोरच्याच्या दप्तरी नेमकं काय काम करतो, हे माणसाने स्वतः शोधून काढलं की भीती आपोआप आटोपशीर होते, असं माझं मत आहे आणि ते दरवर्षी पक्कं होत चाललंय.

मी तिला कोरा कागद दिला. लॉ स्कूल जगापुढे जो आकडा ठेवतं तो प्रवेश घेतलेल्यांच्या जीपीएचा आणि एलसॅटचा (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा) मीडियन, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा. रँकिंगमध्येही तोच मोजतात. "पाच जणांचा वर्ग धर," मी म्हटलं. तिने जीपीए लिहिले: ३.२, ३.६, ३.८, ३.९, ४.०. मधला ३.८.

"आता तुझा ३.२ खोडून ३.५ कर."

तिने खोडलं. "मधला ३.८ च राहिला."

"आता एलसॅट." तिने लिहिलं: १५८, १६१, १६४, १६५, १६८. मधला १६४. "त्यातला १६१ हा तुझा. तिथे १६६ लिही आणि पुन्हा क्रम लाव."

१५८, १६४, १६५, १६६, १६८. मधला १६५ झाला. रेवा कागदाकडे बघतच राहिली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे माझे ग्रेड मीडियनच्या खाली आहेत, ते थोडे खाली की जास्त खाली, याने मीडियनला फरकच पडत नाही. आणि एलसॅट एकदा वर गेला की ते मला पैसे देऊन नेतील."

हे वाक्य मी तिला आयतं दिलं असतं तर चार दिवसांत विरलं असतं. इथे एक पुस्ती जोडते: लॉ स्कूल २५ वा पर्सेंटाइलही (ज्याच्या खाली वर्गातली पाव मुलं असतात तो आकडा) जाहीर करतात आणि ट्रान्सक्रिप्ट वाचणारी माणसंच असतात, त्यामुळे ३.२ आणि २.४ अगदीच एका मापाचे नव्हेत. पण स्कॉलरशिप हे जुन्या ग्रेडचं बक्षीस असतं, हा समज त्या कागदाने मोडला. तुम्ही आल्याने त्यांचा कुठला आकडा वर जातो, त्याची ती किंमत असते.

रेवाचा एलसॅट होता १६१. परीक्षेचे गुण १२० ते १८० असतात, त्या मानाने वाईट नव्हे, पण ३.२ च्या जोडीला अपुरा. तिला त्याच वर्षी अर्ज करायचे होते. मी एक वर्ष थांबायला सांगितलं. लॉ स्कूल आपल्या मीडियनसाठी तुमचा सर्वांत वरचा गुण धरतं, त्यामुळे परीक्षा पुन्हा देण्यात तोटा कमी. मर्यादा आहे: आयुष्यभरात सात वेळा. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा भाग, गेला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि वाचनाचा एक असे गुणांचे तीन भाग आणि बिनगुणांचा एक, प्रत्येकी ३५ मिनिटं. तिची चूक बहुतेकांची असते तीच होती: सराव पेपरामागून पेपर, तपासणी दहा मिनिटांत. आम्ही उलटं केलं. पेपर वेळ लावून सोडवायचा, शंका आलेल्या प्रश्नांवर खूण करायची, उत्तरं न बघता ते पुन्हा निवांत सोडवायचे आणि प्रत्येक चुकीपुढे चुकीचा पर्याय का मोहात पाडून गेला हे एका ओळीत लिहायचं. गुण १६८ वर गेले.

मग यादी. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाने प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूल डिसेंबरच्या मध्यास '५०९' नावाचा तक्ता जाहीर करतं. त्यात एलसॅट आणि जीपीएचे २५, ५० आणि ७५ वे पर्सेंटाइल असतात. अर्ध्याहून कमी फी, अर्धी ते पूर्ण, पूर्ण आणि त्याहून जास्त मदत किती जणांना मिळाली तेही असतं. तुमचा एलसॅट जिथे ७५ व्या पर्सेंटाइलला किंवा वर आहे, तिथे पैशाची आशा धरा. मीडियनच्या जेमतेम वर आहे तिथे थोड्याची. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांची मदत घरच्या आर्थिक गरजेवर असते; तिथे गुण दाखवून घासाघीस होत नाही.

अर्जासोबत जोडायच्या ग्रेडच्या खुलाशाचा रेवाचा पहिला मसुदा दीड पान होता, त्यात आजीचं आजारपण आणि एक खडूस प्राध्यापक. उरल्या एवढ्या ओळी: पहिली चार सत्रं मी मेडिकलच्या तयारीचे विषय घेतले, ते मला जमले नाहीत, पाचव्या सत्रात विषय बदलला, त्यानंतरच्या चार सत्रांचा जीपीए ३.७ आहे. खुलाशात कारण, काळ आणि पुरावा, बस. पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःवरच्या निबंधात, ग्रेडचं रडगाणं आणायचंच नाही.

अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेले. अर्ज येतील तसतसे निर्णय दिले जातात, जागांबरोबर पैसाही आटत जातो. अर्ली डिसिजन, म्हणजे 'निवडलंत तर तुमच्याकडेच येईन' असं एकाच लॉ स्कूलला आधीच कबूल करून अर्ज करणं, मी तिला करू दिलं नाही. ते बंधनकारक असतं, आणि येणार हे कबूल केल्यावर कोण जास्त पैसे देईल?

एका ठिकाणाहून पूर्ण फी माफ, पण वर्गात वरच्या एकतृतीयांशात राहण्याची अट. दुसऱ्याकडून साठ टक्के, विनाअट. वडिलांचा कौल पहिल्याला. मी ५०९ मधला अटींच्या स्कॉलरशिपचा रकाना उघडला: किती जणांना दिली आणि किती जणांची नंतर कमी किंवा बंद झाली. पहिल्या वर्षाचे ग्रेड बहुतेक ठिकाणी कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या मुलांची एकमेकांशी तुलना करून, दिले जातात. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी दोन तृतीयांश मुलं अटीबाहेर राहणारच. फक्त 'गुड स्टँडिंग'ची, म्हणजे उत्तीर्ण राहण्यापुरते किमान ग्रेड राखण्याची, अट असेल तर चिंता नको.

"जास्त मागायचं म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं," रेवा म्हणाली.

"ते रोज अशी पत्रं वाचतात. तू एक ईमेल लिही."

ईमेलमध्ये आभार, इथेच यायची इच्छा, तोडीच्या दुसऱ्या लॉ स्कूलचं ऑफर लेटर जोडलेलं, आणि नेमकी किती रक्कम मिळाली तर निर्णय सोपा होईल ते. धमकी नाही, फोन नाही. फारच खालच्या लॉ स्कूलची ऑफर दाखवून उपयोग होत नाही. रक्कम टक्क्यांत आहे की ठरावीक डॉलरमध्ये हेही विचारायला लावलं, कारण फी दरवर्षी वाढते आणि ठरावीक रक्कम तिथेच राहते. उरलेल्या पैशाचा हिशोब आता जास्त कडक करावा लागतो: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, बाकीचं सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच.

हे सरकारी कर्ज फक्त अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि अशा मोजक्यांना असतं. भारतातून पदवी घेतलेल्यांच्या गुणांना एलसॅक जीपीएचा आकडा देत नाही, शब्दांत शेरा देतं. तो जीपीएच्या मीडियनमध्ये शिरतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी एलसॅटचं वजन आणखी वाढतं.

रेवाचे साठ टक्के पंच्याहत्तरवर गेले. वाढलेली रक्कम आणि 'गुड स्टँडिंग'खेरीज अट नाही हे पत्रात लेखी आल्यावरच तिने डिपॉझिट भरलं.